पासवर्ड बरोबर आहे, तरी आत घेत नाही

या महिन्याचे मेल आणि पत्रं उघडली तर गावं वेगवेगळी पण तक्रार एकच. घरून ऑफिसच्या कॉम्प्युटरला नाहीतर परगावाहून घरच्या कॉम्प्युटरला जोडायला जातो आणि लॉगिनपाशीच अडकायला होतं. म्हणून या वेळचं पूर्ण सदर त्यालाच दिलंय.

आधी एक विनंती. "लॉगिन होत नाही" एवढंच लिहू नका, स्क्रीनवर जे इंग्रजी वाक्य येतं ते जसंच्या तसं पाठवा, फोनवर फोटो काढून पाठवलात तरी चालेल. कारण न होण्याचे तीन वेगळे प्रकार आहेत. सोसायटीत कुणाकडे जायचं असेल तर कधी आपण गेटपर्यंतच पोचत नाही, कधी वॉचमन नाव विचारतो आणि यादीत नाही म्हणून परत पाठवतो, आणि कधी आत सोडतो पण त्या विंगमध्ये जायची परवानगी नसते. कॉम्प्युटर या तिन्ही वेळा वेगवेगळं वाक्य दाखवतो, आपण मात्र तिन्ही वेळा पासवर्डच परत परत टाकत बसतो, आणि त्यात खातं लॉक होतं ते वेगळंच.

प्रश्न : ताई नमस्कार, मी एका सुताच्या पेढीत हिशोब बघते. मुलगा लहान आहे म्हणून मालकांनी दुपारनंतर घरून काम करायला सांगितलं, नेटवाल्याने व्हीपीएन, म्हणजे नेटवरचा खासगी रस्ता, लावून दिलंय, ऑफिसच्या पीसीवर टॅली आहे, विंडोज ११ प्रो आहे. घरून रिमोट डेस्कटॉप (दुरून दुसरा पीसी चालवायची विंडोजची सोय) जोडलं की नाव पासवर्ड विचारतो आणि टाकला की "युवर क्रेडेन्शियल्स डिड नॉट वर्क". ऑफिसात दोन वर्षं रोज त्याच चार आकड्यांनी पीसी उघडते मी, मग तेच घरून चुकीचे कसे? मालकांना वाटतंय मलाच जमत नाहीये. — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : "त्याच चार आकड्यांनी" हे लिहिलंत ते फार बरं केलंत, उत्तर तिथेच आहे. ते चार आकडे म्हणजे पिन, आणि पिन म्हणजे पासवर्ड नव्हे. पिन फक्त त्या एका मशीनपुरता असतो, मशीनच्या आतल्या सुरक्षा चिपशी बांधलेला, तो नेटवरून कुठे जाऊच नये अशी त्याची रचना आहे. समोर बसून दाबला की उघडतं, पण दुरून तेच आकडे पासवर्डच्या चौकटीत टाकले की पीसी म्हणतो हा पासवर्ड नाही, आणि त्याचं बरोबर असतं. बोटाचा ठसा आणि चेहरा यांचंही तसंच.

आता तुमचा खरा पासवर्ड कुठला ते शोधायचं. ऑफिसच्या पीसीवर सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, तिथे युवर इन्फो उघडा. नावाखाली लोकल अकाउंट लिहिलं असेल तर पासवर्ड त्या पीसीपुरताच ठरवलेला आहे, आणि ईमेल दिसत असेल तर ते मायक्रोसॉफ्टचं खातं आहे आणि पासवर्ड त्या ईमेल खात्याचा, जो बहुतेक पीसी घेतला त्या दिवशी कुणीतरी एकदा टाकला आणि नंतर कुणाला लागलाच नाही. तो आठवत नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून नवीन करून घ्या, मात्र खातं मालकांच्या ईमेलवर असेल तर त्यांना शेजारी बसवूनच करा.

दुसरी गोष्ट नावाची. स्टार्ट मेनूत जे छान पूर्ण नाव दिसतं ते लॉगिनचं नाव असेलच असं नाही. मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर नावाच्या चौकटीत आधी मायक्रोसॉफ्टअकाउंट हा शब्द जोडून, मग बॅकस्लॅश, मग पूर्ण ईमेल. लोकल असेल तर ऑफिसच्या पीसीचं नाव, बॅकस्लॅश, मग युजरचं नाव. पीसीचं नाव आधी घालायचं कारण असं की नाही घातलं तर तुमचा घरचा लॅपटॉप स्वतःचंच नाव पुढे लावून पाठवू शकतो आणि ऑफिसचा पीसी म्हणतो या नावाचं माझ्याकडे कुणी नाही. नेमकं नाव बघायचं असेल तर ऑफिसच्या पीसीवर कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडा आणि इंग्रजीत "मी कोण" असं विचारताना जे तीन शब्द येतात (हू ॲम आय) ते लहान अक्षरात, मधे जागा न सोडता, प्रश्नचिन्ह न देता टाइप करा, तो सांगतो. मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर तिथे ईमेलची पहिली पाचच अक्षरं दिसू शकतात, त्याने गोंधळू नका.

आणि तिसरी गोष्ट, जी भल्याभल्यांना माहीत नसते. नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, मायक्रोसॉफ्टच्या साइटवर तोच चालतोय, तरी पीसी नाही म्हणतो. असं बऱ्याचदा होतं कारण त्या पीसीवर पहिल्या दिवसापासून फक्त पिननेच लॉगिन झालंय, पासवर्ड त्याच्यासमोर कधी आलाच नाही, तर तो ताडून कशाशी बघणार. यासाठी सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स, तिथे खाली फक्त विंडोज हॅलोनेच (म्हणजे पिन, ठसा किंवा चेहऱ्यानेच) साइन-इन करू द्या अशा अर्थाचं एक बटण असतं ते बंद करा, साइन आउट करा, लॉगिनच्या स्क्रीनवर साइन-इन ऑप्शन्समधून किल्लीचं चित्र निवडा आणि एकदा, फक्त एकदाच, पूर्ण पासवर्ड टाकून आत जा. नेट चालू असू द्या. मग घरून करून बघा. पिन तसाच राहू दे, ऑफिसात बसून वापरायला तोच चांगला. फोनवरून पासवर्ड बदललात तरी हेच परत एकदा करायचं, नाहीतर पीसी जुनाच धरून बसतो.

मालकांना हे सगळं वाचून दाखवा. तुम्हाला जमत होतंच, पिन आणि पासवर्डातला फरक तुम्हाला कुणी सांगितला नव्हता एवढंच.

प्रश्न : गावाकडे आईवडिलांच्या पीसीला मी बंगलोरहून जोडतो, घरात दोघंच म्हणून पासवर्ड ठेवलेला नाही. "अकाउंट रिस्ट्रिक्शन्स आर प्रिव्हेंटिंग धिस युजर फ्रॉम सायनिंग इन" असं येतं. एका व्हिडिओत पॉलिसीमधली एक ओळ डिसेबल करायला सांगितलीय, करू का? — एक वाचक, मूळ गाव कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : नको करू. विंडोजचा नियम असा आहे की ज्या खात्याला पासवर्ड नाही ते फक्त समोर बसून उघडता येतं, दुरून नाही. त्या व्हिडिओतली ओळ हा नियमच काढून टाकते, म्हणजे त्या पीसीपर्यंत जो कुणी पोचेल त्याला दार सताड उघडं. वडिलांच्या बँकेचे, पेन्शनचे कागद त्याच पीसीवर असणार ना. खात्याला पासवर्ड लाव, आणि आईवडिलांना रोज टाइप करायला त्रास होत असेल तर त्यांच्यासाठी पिन ठेव, त्यांना एखादा लक्षात राहणारा आकडा ठरवू दे. पासवर्ड तुझ्यासाठी, पिन त्यांच्यासाठी, दोन्ही एकत्र नांदतात.

प्रश्न : मी निवृत्त आहे, पुण्याहून लेकीकडे इंग्लंडला रेडिंगला तीन महिन्यांसाठी आलोय. पुण्याच्या घरच्या पीसीवर आमच्या सोसायटीचे सगळे हिशोब आहेत, मी सेक्रेटरी आहे. निघण्याआधी भाच्याने सगळं सेट करून दिलं, पुण्यातच दुसऱ्या घरून करून बघितलं, चाललं. इथे लेकीच्या लॅपटॉपवरून तोच पासवर्ड टाकला की चुकीचा. घड्याळात साडेचार तासांचा फरक आहे त्यामुळे तर नाही ना? — एक वाचक

उत्तर : काका, घड्याळाचं आधी सांगते. देश वेगळा म्हणून घड्याळ वेगळं असेल तर काही बिघडत नाही, कॉम्प्युटर आतून एकाच जागतिक वेळेने बोलतात. एखाद्या मशीनचं घड्याळच चुकलेलं असेल, म्हणजे जुन्या पीसीतला बटणासारखा सेल संपला आणि वीज गेली की तारीख काही वर्षं मागे गेली, तर मात्र लॉगिन अडू शकतं. मोठ्या ऑफिसातल्या डोमेनच्या व्यवस्थेत, जिथे सगळ्यांची खाती एकाच सर्व्हरवर असतात, तर ठरावीक सवलत फक्त ५ मिनिटांचीच असते. पण तेव्हा वेळेत फरक आहे असं वाक्य बहुधा स्पष्ट येतं, तुमच्याकडे ते नाही.

तुमच्या पासवर्डमध्ये ॲट द रेट आहे का? माझा अंदाज आहे की आहे, आपल्याकडे दहातल्या नऊ जणांच्या पासवर्डात तो असतोच असं वाटावं इतका तो लाडका आहे. आपले कीबोर्ड अमेरिकन धाटणीचे, त्यात शिफ्ट धरून २ दाबलं की ॲट द रेट येतो. इंग्लंडच्या कीबोर्डावर त्याच जागी दुहेरी अवतरणचिन्ह येतं, आणि ॲट द रेट एंटरच्या जवळ, जिथे आपल्याकडे अवतरणचिन्ह असतं तिथे. शिफ्ट आणि ३ दाबलं की हॅशऐवजी पौंडाची खूण. तुमची बोटं पुण्याच्या सवयीने चालतात, चौकटीत फक्त ठिपके दिसतात, त्यामुळे कळायला मार्गच नाही. पासवर्डच्या चौकटीच्या टोकाला डोळ्याचं चित्र असतं ते दाबून धरा आणि काय उमटलंय ते वाचा. ते नसेल तर नोटपॅड उघडून त्यात टाइप करून बघा आणि लगेच पुसून टाका, लेकीचा लॅपटॉप असला तरी पुसा. खूण चुकत असेल तर किल्ल्यांवर छापलंय तसं दाबा, हवं ते येईल.

मराठी टायपिंग चालू राहिलेल्यांचंही असंच होतं, हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते. खालच्या पट्टीत मराठी दिसत असेल तर विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजीवर या आणि मगच पासवर्ड टाका.

प्रश्न : आमचं नाशिकला अंबडला छोटं वर्कशॉप आहे, सीएनसीचे प्रोग्रॅम आणि ड्रॉइंग एका पीसीवर. रात्री घरून बघता यावं म्हणून एका मुलाकडून राऊटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडून घेतलं. दोन महिने मस्त चाललं, आता रोज सकाळी "द युजर अकाउंट हॅज बीन लॉक्ड" येतं, दहा मिनिटं थांबलं की सुरू होतं, परत लॉक. पासवर्ड मी एकदाही चुकवत नाही हो. — एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्ही चुकवत नाही यावर माझा पूर्ण विश्वास आहे. चुकवणारं दुसरंच कुणीतरी आहे.

विंडोज ११ च्या २०२२ पासूनच्या आवृत्तीत नव्याने बसवलेल्या मशीनला मुळातच असं ठरवून दिलेलं असतं की १० वेळा चुकीचा पासवर्ड आला की खातं १० मिनिटं बंद, तुमची दहा मिनिटं तिथून आली. आता चुका कोण करतंय ते बघायचं. पीसीवर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिक्युरिटी, आणि ४६२५ या क्रमांकाच्या नोंदी बघा, प्रत्येक फसलेल्या लॉगिनची एक नोंद असते. त्यात कुठल्या नावाने प्रयत्न झाला, कुठल्या पत्त्यावरून झाला आणि सब स्टेटस म्हणून एक सांकेतिक आकडा असतो, जो मला स्क्रीनवरच्या वाक्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. स्क्रीनवर नाव चुकलं की पासवर्ड चुकला हे मुद्दामच सांगत नाहीत, चोराला तेवढी मदत नको म्हणून, पण या आकड्यात ते कळतं. शेवट ६ए असेल तर नाव खरं पण पासवर्ड चुकीचा, शेवट ६४ असेल तर त्या नावाचं खातंच नाही, शेवट २३४ असेल तर खातं लॉक.

पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर चूक तुमच्याच घरात किंवा वर्कशॉपात आहे, एखाद्या जुन्या लॅपटॉपमध्ये जुना पासवर्ड सेव्ह राहिलाय आणि तो आपणहून ठोकत राहतो, कंट्रोल पॅनेलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर उघडून तिथली त्या पीसीची नोंद काढून टाकली की संपलं. पण तुमच्या बाबतीत मला भीती वाटते की पत्ते अनोळखी, परदेशातले असतील, आणि नावं ॲडमिन, ॲडमिनिस्ट्रेटर, टेस्ट, युजर अशी असतील, मिनिटामिनिटाला. रिमोट डेस्कटॉप ज्या पोर्टवर चालतं तो ३३८९, आणि उघडे ३३८९ शोधत फिरणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर चोवीस तास चालू असतात. एकदा आत आले की फायली कुलूपबंद करून खंडणी मागतात. २०१९ च्या मे महिन्यात याच सेवेत एक भोक सापडलं होतं, ब्लूकीप नावाचं, त्यात तर पासवर्ड न कळताही आत शिरता येत होतं, इतकं गंभीर की मायक्रोसॉफ्टने कधीच मोडीत काढलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली.

म्हणून हात जोडून सांगते, हे वाचून झाल्यावर आजच राऊटरमधलं ते पोर्ट बंद करा. पोर्टचा नंबर बदलून भागत नाही, शोधणारे सगळेच नंबर तपासतात. त्याऐवजी व्हीपीएन घ्या, बऱ्याच राऊटरमध्ये वायरगार्ड नावाचं व्हीपीएन असतं, नाहीतर टेलस्केलसारखं काही दोन्ही मशीनवर टाका, ते राऊटरला हात न लावता चालतं. मग पीसी फक्त तुमच्या लॅपटॉपला दिसेल, जगाला नाही. आणि ड्रॉइंगची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर, काम झालं की वायर काढून ठेवलेली. एका ओळखीच्या कारखान्यात वायर न काढलेली बॅकअपची डिस्कही खंडणीवाल्यांनी कुलूपबंद केलेली मी स्वतः पाहिलीय, चौदा वर्षांची ड्रॉइंग गेली, त्या माणसाचा चेहरा अजून डोळ्यासमोरून जात नाही.

प्रश्न : अडतीच्या दुकानात जुना सर्व्हर आहे, विंडोज सर्व्हर २०१२. नवीन लॅपटॉप घेतल्यापासून "ॲन ऑथेंटिकेशन एरर हॅज ऑकर्ड" आणि खाली क्रेडएसएसपी एन्क्रिप्शन ओरॅकल रेमेडिएशन असं काहीतरी. जुन्या लॅपटॉपवरून चालतं. एकाने लॅपटॉपच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत) एक आकडा २ करायला सांगितला, त्याने चालेल म्हणे. — एक वाचक, सांगली

उत्तर : चालेल, आणि तिथेच धोका आहे. रिमोट डेस्कटॉप पासवर्ड पुढे पोचवायला जी पद्धत वापरतं त्या क्रेडएसएसपीमध्ये एक खोट सापडली होती, मधे बसलेला माणूस तुमच्या लॉगिनचा गैरवापर करू शकेल अशी. मार्च २०१८ मध्ये दुरुस्ती आली आणि ८ मे २०१८ च्या अपडेटपासून दुरुस्त झालेलं मशीन दुरुस्त न झालेल्या सर्व्हरशी बोलायलाच नाही म्हणतं. म्हणजे तुमचा नवा लॅपटॉप शहाणा आहे, मागे राहिलाय तो सर्व्हर. रजिस्ट्रीतला तो २ म्हणजे लॅपटॉपला सांगणं की तूही असुरक्षित हो. जुना लॅपटॉप चालतोय याचा अर्थ बहुतेक त्याचेही अपडेट बंद आहेत, तेही बघा.

सर्व्हरपाशी समोर बसून त्याला त्याचे राहिलेले अपडेट द्या, एवढ्याने ही एरर जाते, ती दुरुस्ती २०१२ साठीही निघाली होती. पण सर्व्हर २०१२ चा आधार १० ऑक्टोबर २०२३ ला संपलाय, त्यामुळे हे फक्त दार उघडण्यापुरतं. हळदीचा हंगाम संपला की नवीन सर्व्हरचं मनावर घ्या.

प्रश्न : आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये २० पीसी आहेत, सगळे विंडोज ११, एकाच युजरनेम पासवर्डने. सरांच्या पीसीवरून बाकीच्यांना रिमोटने जोडून शिकवतो, शेअर फोल्डरही आहे. २०२५ च्या दिवाळीच्या आसपास अपडेट झाले आणि तेव्हापासून सगळीकडे पासवर्ड चुकीचा, शेअर फोल्डरसुद्धा उघडत नाही. पासवर्ड वीस वेळा नवीन केला. — एक वाचक, जळगाव

उत्तर : सर, एक विचारते, हे वीसही पीसी एकावर विंडोज टाकून बाकीच्यांवर त्या डिस्कची कॉपी करून तयार केलेत का? तसं असेल तर पासवर्ड शंभर वेळा बदलला तरी उपयोग नाही.

प्रत्येक विंडोजला आतून एक लांबलचक ओळखक्रमांक असतो, एसआयडी म्हणतात. नुसती डिस्क कॉपी केली की वीसही मशीनचा क्रमांक एकच. वर्षानुवर्षं हे खपून जात होतं, पण २०२५ च्या ऑगस्टअखेरीपासूनच्या अपडेटमध्ये विंडोज ११ च्या २४एच२, २५एच२ या आवृत्त्या आणि सर्व्हर २०२५ यांनी हा क्रमांक नीट तपासायला सुरुवात केली आणि सारखा क्रमांक असलेली मशीन एकमेकांना लॉगिन देईनाशी झाली. एरर मात्र पासवर्डचीच दिसते, म्हणून लोक भलतीकडेच शोधत बसले. खात्री करायची तर दोन पीसींवर वर इचलकरंजीच्या ताईंना सांगितलेली ती "मी कोण" कमांड द्या आणि त्यापुढे जागा सोडून स्लॅश युजर लिहा. एस पासून सुरू होणारी आकड्यांची माळ येईल, शेवटचा गट सोडून बाकीची माळ दोन्हीकडे तंतोतंत तीच असेल तर निदान पक्कं.

कायमचा उपाय एकच, ती मशीन परत बसवायची, आणि या वेळी कॉपी करण्याआधी मूळ मशीनवर विंडोजचंच सिसप्रेप चालवायचं, जनरलाइजच्या पर्यायासकट, म्हणजे प्रत्येक कॉपी पहिल्यांदा सुरू होताना आपापला नवीन क्रमांक घेते. नेटवर क्रमांक बदलून देणारी छोटी सॉफ्टवेअर मिळतात, ती टाकू नका, मायक्रोसॉफ्ट त्यांना आधार देत नाही. अपडेट काढून टाकणं हाही उपाय नव्हे. मुलांना सुट्टी असताना एक दिवस बसून दोन हुशार विद्यार्थ्यांना सोबत घेऊन करा, त्यांनाही आयुष्यभर पुरेल असं काहीतरी शिकायला मिळेल.

प्रश्न : लॉगिन होईना म्हणून माझ्या मिस्टरांनी नेटवर हेल्पलाइनचा नंबर शोधून फोन केला. त्याने एक ॲप टाकायला लावून त्यातला नंबर मागितला आणि आता सेवा शुल्क मागतोय. काही गडबड आहे का? — एक वाचक, बदलापूर

उत्तर : हो, गडबड आहे, आणि तुम्हाला मी मेलवर लगेच कळवलंय, इथे बाकीच्यांसाठी छापते. लॉगिनच्या एररमध्ये मायक्रोसॉफ्ट कधीही फोन नंबर देत नाही, आणि शोधून सापडलेला नंबर कुणीही टाकलेला असू शकतो. ॲप चांगलंच असतं, पण त्यातला नंबर सांगितला की समोरचा तुमच्या स्क्रीनसमोर बसल्यासारखाच. एनीडेस्क हे दुरून स्क्रीन चालवायचं ॲप वापरून असे पैसे काढले जातात म्हणून रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच बँकांना सावध केलं होतं. अशा वेळी आधी वायफाय बंद, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, पैसे गेले असतील तर जितक्या लवकर तितकं बरं, आणि पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या मशीनवरून. मिस्टरांना रागावू नका. अडकलेला माणूस मदत शोधतो, त्याचाच फायदा हे लोक घेतात.

प्रश्न : हाय ताई, मी इंजिनिअरिंगला आहे. कॉलेजच्या सीनियरने रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर दिला, त्यावर नवीन सिस्टीम टाकली, एसएसएचने (दुरून कमांड देऊन चालवायची सोय) जोडतोय, व्हिडिओत सांगितलंय युजर पाय आणि पासवर्ड रास्पबेरी, पण परमिशन डिनाइड. आणि पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, कीबोर्ड खराब आहे का? — एक वाचक, फोंडा

उत्तर : कीबोर्ड ठीक आहे रे. एसएसएच पासवर्डचे ठिपकेसुद्धा दाखवत नाही, मागून बघणाऱ्याला लांबीही कळू नये म्हणून. डोळे झाकून टाइप कर आणि एंटर दे.

व्हिडिओ जुना आहे. एप्रिल २०२२ पासून रास्पबेरी पायच्या सिस्टीममधून तो ठरलेला पाय नावाचा युजरच काढून टाकलाय, कारण जगातले सगळे पाय एकाच पासवर्डने उघडत होते. आता कार्ड तयार करताना इमेजर प्रोग्रॅममध्ये सेटिंग विचारतो तिथे तू स्वतः नाव पासवर्ड ठरवायचा आणि तिथेच एसएसएच चालू करायचं, ते २०१६ पासून मुळात बंदच येतं. तुला परमिशन डिनाइड आलं म्हणजे एसएसएच चालू आहे, गेट सापडलंय, फक्त नाव यादीत नाही. कनेक्शन रिफ्यूज्ड आलं असतं तर मी म्हटलं असतं एसएसएच बंद आहे.

आता कार्ड परत तयार केलंस की पुढच्या वेळी एक मोठ्ठी घाबरवणारी सूचना येईल, रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड. तुझ्या लॅपटॉपने जुन्या सिस्टीमची ओळख लिहून ठेवलेली असते आणि नवी तिच्याशी जुळत नाही. तू स्वतः कार्ड बदललंयस म्हणून या वेळी एसएसएच-कीजेन कमांडला मोठा आर हा पर्याय आणि पायचा पत्ता देऊन जुनी नोंद काढलीस तरी चालेल. पण काही न बदलता ती सूचना आली, कॉलेजच्या सर्व्हरवर किंवा कुठेही, तर पासवर्ड टाकू नकोस, आधी तिथल्या माणसाला विचार.

प्रश्न : घरच्या पीसीवर रिमोट डेस्कटॉपचं बटणच नाही, होम एडिशन आहे म्हणतो. आणि ऑफिसच्या पीसीवर मी घरून शिरलो की तिथे बसलेली आमची सहकारी बाहेर फेकली जाते, तीही वैतागलीय. — एक वाचक, सोलापूर

उत्तर : होम एडिशनमधून दुसऱ्याकडे जाता येतं, पण दुसऱ्याला आपल्याकडे रिमोट डेस्कटॉपने येऊ देता येत नाही, त्यासाठी प्रो लागतं. पैसे घालायचे नसतील तर क्रोम रिमोट डेस्कटॉप होमवरही चालतं, त्याचा पिन किमान सहा आकडी असतो, जन्मतारीख ठेवू नका. आणि सहकारी बाहेर जाते कारण साध्या विंडोजवर एका वेळी एकच माणूस बसू शकतो, प्रो असलं तरी. ती कामात असताना तुम्ही जोडलं की "अनदर युजर इज साइन्ड इन" असं विचारतं, तिथे येस दाबण्याआधी तिला एक फोन करा, तिचं अर्धवट व्हाउचर सेव्ह होऊ द्या.